गुंडा पैलवानाची शेवटची कुस्ती

३ मार्च १९४६ रोजी सांगलीच्या मैदानात दुसऱ्या नंबरच्या कुस्तीला एकशे पंचाहत्तर रुपये इनाम होते. मलकापूरचा गुंडा पैलवान बारा वर्षे मैदाने मारत आला होता, पण त्या दिवशी ही कुस्ती त्याला लढायची नव्हती. महिन्यापूर्वी तालमीत मान दुखावली, तेव्हा वैद्याने बजावले होते, "पुन्हा पिळली, तर जल्मभर उठता यायचं न्हाई." हे फक्त बायकोला, हरणाबाईला ठाऊक होते.

आखाड्यात जाऊन सरळ नकार द्यायचा, असे त्याने ठरवले होते. पण हलगी कडाडली आणि सवयीने त्याने मूठभर माती उचलून समोरच्या गड्याच्या अंगावर टाकली. माती टाकली म्हणजे कुस्ती कबूल. आता माघार नव्हती.

"घाबरलास व्हय रं गड्या?" असे हसत विचारून त्या गड्याने त्याची मान दाबली. गुंडाच्या डाव्या हाताला मुंग्या आल्या. त्याला धाप लागली आणि तो आपणहून पाठीवर पडला.

"पैसं खाल्लं रं ह्येनं!" लोक ओरडले.

"वस्ताद, मान..." तो म्हणाला.

"तालमीत पाऊल टाकू नगंस," त्याला मध्येच तोडत त्याच्या तालमीचे वस्ताद म्हणाले.

पुढे तो गुऱ्हाळावर राबला. कुणी मागून हाक मारली, तरी दचकून मान धरायचा. पैलवानकीच्या खुराकाच्या दुधाचे सहा रुपये चार आणे मात्र गवळ्याला द्यायचे राहूनच गेले.