पांढरी एकची तार

प्रियांका माझी भाची. माजिवड्याला एका लॅबमध्ये लोकांचे खोटे दात बनवते आणि सुट्टीच्या दिवशी ठाकुर्लीला आमच्या गायन पार्टीत बास गिटार वाजवते. वायर लावल्याशिवाय मुकी राहणारी ती गिटार नव्हे. ही मोठ्या पोटाची, लाकडी, नुसती छेडली तरी घुमणारी. भीमगीतांच्या पार्टीत पेटी-ढोलकीच्या मध्ये हे धूड कशाला, असं मी तोंडावर विचारलं होतं. तिने ऐकून घेतलं आणि पुढच्या तालमीला धूड घेऊनच आली. पोरगी भांडत नाही, पण ऐकतही नाही.

गिटारची सगळ्यात जाड तार ती आबांच्या 'सा'ला लावते. आबा म्हणजे तिचे वडील, माझे दाजी, पार्टीचे गायक. त्यांचा सा काळी दोनचा, म्हणजे पेटीवरची दुसरी काळी पट्टी. मी पेटीला बसल्यापासून ते तिथून हललेले नाहीत. पण कल्याणच्या कार्यक्रमात वरच्या जागेला त्यांचा आवाज फाटला. लोकांनी माइकवाल्याला शिव्या घातल्या. प्रियांकाने मात्र आबांना जवळजवळ ओढतच डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, घशात गाठी आहेत. आता ताणून गायलात तर बोलण्यापुरताही आवाज उरणार नाही.

आबांनी एवढंच कबूल केलं की सामन्यापर्यंत तालीम करणार नाही. भीमजयंतीचा गाण्याचा सामना तोंडावर आला होता, समोर बाळकुमच्या रंगूबाईंची पार्टी. सा खाली घेतला की वर ताणावं लागत नाही, असं आम्ही सुचवून पाहिलं. "पट्टी खाली घ्यायची असेल तर मला बोलवूच नका," म्हणाले आणि घरात विषय बंद झाला. या माणसाच्या हट्टापुढे माझी बहीण थकली, मी तर केव्हाच थकलेलो.

मग मी एक शक्कल काढली. माझी पेटी स्केल चेंजर आहे. पट्ट्यांची फळी सरकवली की बोट काळी दोनवरच राहतं, आवाज मात्र खालचा येतो. तीन घरं सरकवली की पांढरी एकचा सा. आबा गायला लागण्याआधी माझ्या बोटाकडे बघतात. बोट जागेवर दिसलं की भागलं, असा माझा हिशोब.

"आणि माझी तार?" प्रियांका म्हणाली. "एवढी उतरवली तर लोंबेल ना मामा. नुसती खडखडेल."

म्हणून आम्ही ठाण्याला वाद्यांच्या दुकानात गेलो. काउंटरवर रसिका नावाची मुलगी होती. तिने आधी ब्राँझच्या तारा दाखवल्या, दुकानातल्या गिटारवर वाजवूनही दाखवल्या. आवाज कसा लख्ख! मला आवडला.

"नको," प्रियांका म्हणाली. "ही आबांच्या आवाजावर चढून बसेल."

मग रसिकाने वरून काळं नायलॉन गुंडाळलेल्या तारा काढल्या. त्यांचा आवाज गोल, दबका, मागे राहणारा. "पाच तारांच्या सेटमधली सगळ्यात जाड लावा, खाली छान बोलेल," ती म्हणाली. "पण तुमच्या गिटारवर तार बसते ती खाच घासून मोठी करावी लागेल. मग जुनी तार तिथे नीट बसायची नाही. आणि हिला उगाच वर ताणू नका हं. पोटावरची, तारा अडकवलेली पट्टी उखडून येईल."

प्रियांका बराच वेळ ती तार बोटांत फिरवत राहिली.

"अगं, जुन्या खाचेत बसेल अशी साधीच घे," मी म्हणालो. "ऐन वेळी आबा अडून बसले तर? एक पळवाट असू दे."

"पळवाट ठेवली की आबा तिथूनच जाणार, मामा."

घरी येऊन तिने लॅबमधल्या, खोटे दात घासायच्या बारीक कानशीने खाच घासली. कानस फिरायला लागली तसं मला तिथे उभं राहवेना. मी बाहेर जाऊन उगाच चपला सरळ करत बसलो.

सामन्याच्या संध्याकाळी विहारापुढचं मैदान भरलं होतं. रंगूबाईंनी पहिल्याच गाण्यात शिट्ट्या घेतल्या. मग आमची बारी. मी काळी दोनवर बोट ठेवलं, भाता हलवला. आबांनी हात वर केला, तोंड उघडलं आणि तसेच थांबले.

त्यांनी माझ्या बोटाकडे पाहिलं. मग पूर्ण मागे वळून त्या जाड काळ्या तारेकडे पाहिलं. इतकी वर्षं गाणाऱ्या माणसाला बोट दाखवून फसवायला निघालेलो आम्ही! मूर्ख कुठले.

"प्रशांत, फळी जागेवर घे."

माइक चालूच होता. मी निमूट फळी वर सरकवली. त्या आवाजापुढे माझं कधीच काही चाललेलं नाही.

"प्रियांका, तार चढव."

तिने तारांवर तळहात ठेवला. "नाही चढणार, आबा."

"का?"

"हिला नाही झेपणार."

"तारेला नाही झेपणार, का मला?"

तार म्हण गं बाई, मी मनात म्हणत होतो. खोटंही नव्हतं ते. तेवढ्याने आबांची लाज राहिली असती, आमचीही सुटका झाली असती. पण मग आबा त्या तारेला बाजूला ठेवून काळी दोनलाच गायले असते, हे तिला माझ्याआधी कळलं होतं.

"तुम्हाला," ती म्हणाली. "तारेचं काय, दुसरी मिळेल."

आता हा माणूस उठणार आणि पायऱ्या उतरून चालू लागणार, याची मला खात्री होती. मला त्यांचा राग येत होता. त्यांनी घसा साफ केला, माइक ओठांच्या जवळ ओढला.

"मग सा दे."

प्रियांकाने पांढरी एकची तार छेडली. मी घाबरून फळी खाली सरकवायला लागलो, ती मध्येच अडकली. ती जागेवर बसेपर्यंत त्या दोघांनी पहिली ओळ माझ्याशिवायच पार केली होती.