डाव्या पायातला बूट

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्यांच्या टोळीत त्याला सगळे परतफिरे म्हणत. आडनाव नव्हे, गुण. घराबाहेर पडला की अर्ध्या जिन्यातून माघारी, गॅस बघायला. गॅस बघून निघाला की नळ. नळ झाला की कुलूप ओढून बघायचं. एकदा तर कडीच हातात आली होती. शेवटी बायको वैतागली.

"अहो, चार दिवस एकटे डोंगरात चालून या. डोक्यातला बाजार उठेल तरी."

"आणि गॅस?"

"गॅस मी उशाला घेऊन झोपते. निघा तुम्ही!"

मग त्याने जाड तळव्यांचे बूट घेतले. सैल व्हावेत म्हणून सुट्टीआधीचं शेवटचं काम ते घालूनच केलं आणि तिथूनच थेट बस पकडली.

पहिल्या दिवशी बाजार भरलेलाच होता. दगडांवरचे पिवळे बाण बघत तो चढत होता आणि गॅस, नळ, कुलूप पाठीवरच्या पिशवीसारखे संगतीला होते. पण चढण अशी खडी, की छातीचा भाता झाला, आणि धापा टाकणाऱ्या माणसाला काळजी करायला सवड कुठली! एकेक करून सगळ्या काळज्या गळून पडल्या. बायकोचं म्हणणं खरं ठरलं, हे तिला कळू द्यायचं नाही, एवढं मात्र त्याने ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी लांबलचक सपाट धार लागली. माणूस नाही, आवाज नाही; बुटांची तेवढी करकर. सकाळी एका टेकाडावर फोनला रेंज आली होती, पुढे तीही गेली. डोकं कसं गाळ बसलेल्या पाण्यासारखं नितळ झालं. आणि गाळ बसल्यावर तळ दिसतो, तसा त्याला दिसला वायरीचा तुकडा. लाल.

तो जागच्या जागी थांबला.

लिफ्टचं दार उघडं असलं की लिफ्ट हलत नाही. दुरुस्ती करताना मात्र ती हलवावी लागते, म्हणून दाराच्या स्विचला बगल देणारा वायरीचा तुकडा पॅनलमध्ये लावतात. त्याला म्हणतात जंपर. काम झालं की काढायचा. राहिला, तर लिफ्ट वरकरणी ठणठणीत. पण माणूस उंबऱ्यात असताना खाली कुणी बटण दाबलं, की उघड्या दारानिशी चालू पडणार.

म्हणून त्याच्या वस्तादाचा नियम होता. जंपर लावला की डाव्या पायातला बूट काढून पॅनलखाली ठेवायचा. "एका पायात बूट घालून कुणी घरी जात नाही रे," वस्ताद म्हणायचा. परतफिऱ्याने हा नियम इतकी वर्षं पाळला होता. परवा मात्र नव्या बुटांच्या लांबलचक नाड्या, त्यांना दुहेरी गाठ. कोण सोडत बसणार?

'अरे, हाही तुझा गॅसच,' त्याने स्वतःला दटावलं आणि पाय उचलला. पुढची खिंड पार केली की मुक्कामाचं घर. तिथून करू फोन. दहा पावलं गेला. पुन्हा थांबला.

मग त्याने गॅस आठवून बघितला. काहीच दिसेना. नुसती भीती, चित्र नाही. वायर आठवली तर सगळं लख्ख: वायरीचा चिमटा पॅनलमध्ये दाबणारं आपलं बोट, जिन्यातून रखवालदाराची हाक, "अहो मिस्त्री, चौथ्या मजल्यावरच्या काकू काठी टेकत खोळंबल्यात!", मग घाईघाईने पॅनलचं झाकण. वायर काढतानाचं बोट कुठेच नव्हतं.

तो परत फिरला. आयुष्यात पहिल्यांदा बिनशंकेने. पण काकू आत्ता बाहेर पडल्या असतील तर? काठी आत, पाय बाहेर? उतारावर घसरला, गुडघा फुटला, पिशवी तिथेच टाकून पळत सुटला. टेकाडावर रेंजची एकच काडी आली.

"लिफ्टची मेन बंद कर. आत्ता!" तो फोनवर ओरडला.

"मिस्त्री, तुम्ही डोंगरात होता ना?" रखवालदार म्हणाला. "अहो, चालतेय मस्त. बंद केली तर काकू माझं भरीत करतील."

"करू दे! आत कुणी आहे?"

"थांबा." पावलं वाजली. दार आपटलं. "कुणी नाही. केली बंद. झालं समाधान?"

मग त्याने टोळीतल्या जोडीदाराला फोन लावून पॅनल उघडून बघायला सांगितलं. तो आधी पोटभर हसला. "परतफिऱ्या, डोंगरावरूनसुद्धा? बरं, जवळच आहे, बघतो."

वारा सुटला होता. दगडावर बसून तो फोनकडे बघत राहिला. बॅटरीची रेघ लाल झाली. हसू दे पुन्हा, तो मनाशी म्हणत होता, टोळीभर हसू दे, बायकोला सांगू दे.

फोन वाजला. जोडीदार हसत नव्हता.

"काय रे?"

"बूट काढला नव्हतास ना?" जोडीदाराने हळूच विचारलं.

फोन कानाला तसाच धरून तो वाकला आणि एका हाताने डाव्या बुटाची गाठ सोडू लागला.