एक, दोन, तीन, करंगळी

स्वतःच्या डाव्या करंगळीची इतकी काळजी वाहणारा माणूस अख्ख्या खानदेशात दुसरा झाला नसेल. जळगावच्या नोकरीत पहिली तीन वर्षं तो माझा खोलीतला जोडीदार होता. गिटार शिकायचं त्याने मनावर घेतलं होतं, पण चारही बोटं सारखी चपळ झाल्याशिवाय गाणं म्हणून वाजवायचं नाही, असा पण केला होता. त्यामुळे तीन वर्षं मी नुसता सराव ऐकला. पहिली तीन बोटं शहाण्यासारखी आपापल्या घरात पडत; करंगळी मात्र ऐनवेळी शेजारणीच्या आड दडे. मग ऑफिसचं टेबल, सायकलचं हँडल, जेवणाचं ताट, मिळेल त्यावर "एक, दोन, तीन, करंगळी" सुरू. एकदा धुळ्याच्या एसटीत हा पुढच्या सीटच्या दांड्यावर असा रंगला, की पुढचे म्हातारबाबा, हा एसटीतली माणसं मोजतोय असं समजून, वळून म्हणाले, "काय मोजी ऱ्हायना भाऊ? बठ्ठा लोके चढी गयात ना!"

बोटांची जपणूक तर विचारूच नका. कपडे पिळायचे मी, भरताची वांगी भाजून सोलायची मी, दाराला कुलूपही मीच लावायचं, कारण याचं बोट कडीत सापडलं तर? थंडीत हा स्टोव्हवर बोटं शेकायचा, उन्हाळ्यात घामाने तार निसटते म्हणून त्यांना पावडर लावायचा. सकाळी डोळे उघडण्याआधी पांघरुणातून डावा हात बाहेर यायचा, बोटं एकेक करून हालायची आणि मगच स्वारी उठायची. एकदा हात अंगाखाली सापडून बधिर झाला, तेव्हा त्याने अशी बोंब ठोकली, की घरमालक धावत वर आले. मी पोट धरून हसलो. तो हसला नाही. "आबांचं असंच झालं होतं," तो म्हणाला. "सकाळी उठले, आणि हात उठला नाही."

त्याचे वडील, म्हणजे आबा, पारोळ्यात कपडे शिवायचे. सुईखाली कापड सरकवणारा त्यांचा डावा हात लकव्याने लुळा पडला होता. बोटं हलवत राहा असं डॉक्टर सांगत होते, पण आबांनी त्या हाताचा नादच सोडला होता. मला माझ्या हसण्याची फार लाज वाटली.

त्या दिवाळीला तो मला पारोळ्याला घेऊन गेला, सोबत गिटार. "हाई काय शे?" आबांनी विचारलं. त्याने गिटार त्यांच्या मांडीवर ठेवली, त्यांची बोटं एकेक करून तारेवर टेकवली आणि तार छेडायचं काम स्वतःकडे घेतलं. तार नीट दाबली तरच सूर लागतो, नाहीतर नुसतं थडथडतं. चार दिवस घरभर थडथड चालली होती. आबा चिडायचे, हात काढून घ्यायचे; हा पुन्हा टेकवायचा. "एक, दोन, तीन, करंगळी." निघायच्या आदल्या संध्याकाळी आबांच्या करंगळीखालून एक सूर स्वच्छ निघाला.

"वाजनी रे!" आबा म्हणाले, आणि स्वतःच्या हाताकडे बघत बसले. बापलेक दोघेही रडले. मीही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जागाच होतो; हा डोळे उघडताच तडक उठला आणि आबांसाठी चहा टाकायला गेला. स्वतःची बोटं तपासायची राहून गेली होती. मी आठवण करून दिली नाही.