खोली चाळीस

दुष्काळात मेंढरं मेली आणि आम्ही सोलापुरात गिरणीच्या नव्या चाळीत आलो. चाळ शाळेच्या मैदानावरच बांधलेली. आज शेजारी भिंतीला चुना लावत होते, त्या ओल्या वासानं ती शाळा आठवली.

मैदान गेलं आणि वर्गात पोरं दुप्पट झाली. मास्तर नावाऐवजी खोलीचा आकडा पुकारत.

"खोली चाळीस."

मी आणि थोरली आक्का, दोघंही "हजर" म्हणालो.

"एका खोलीतून एकच. बसायला जागा आहे कुठं?" मास्तर म्हणाले.

आक्का उठली. "तू बस की. मला लई कटाळा आलाय."

गणित तिचंच आधी सुटायचं. ती गेल्यावर मला मांडी घालून बसता आलं, एवढंच तेव्हा बरं वाटलं. आता आठवताना काहीच वाटत नाही.

मी बी.ए. झालो. आमच्या घरातला पहिला.