माझ्या कथेतला कारकून

आमच्या घरात लिहिलेलं वाक्य आधी मोठ्याने वाचलं जायचं आणि मग बाबा विचारायचे, "हे कोणाच्या बाजूचं?" बाबा तलासरीत पत्रकं लिहायचे. मोर्चा असो की ग्रामसभा, मजकूर पाच-सहा जणांत ओळीओळीने पास व्हायचा. जिची बाजू कळत नाही ती ओळ उडायची. मी वाचायला शिकले ती त्याच कागदांवर. कथा लिहिली तीही तशीच.

२०१६ सालची गोष्ट. कथा गंजाडच्या माझ्या मावशीवरून सुचली होती. ती कसत असलेल्या जमिनीचा वनहक्काचा दावा एका कचेरीत तीन वर्षं पडून होता. कथेत मी तिथल्या कारकुनाला झोडून काढलं होतं. एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी कथा परत पाठवली. विषय चांगला आहे, जाणत्या माणसाला दाखवा, दुरुस्त करून गणपतीच्या आत पाठवा. तोवर माझं काहीच छापून आलं नव्हतं.

जाणतं माणूस म्हणजे डहाणूच्या शाळेतल्या माझ्या मराठीच्या बाई. चार दिवसांनी त्यांनी कागद हातात दिले. समासात पेन्सिलीने जिकडेतिकडे कारकुनाबद्दलच लिहिलेलं.

"अगं, हा पहिल्या पानापासून ओरडतोय. ओरडणाऱ्याला कोण भितं? तुझी मावशी तीन वर्षं हेलपाटे घालते, ते काय शिव्या खायला? ती परत परत का जाते, ते कुठाय?"

"म्हणजे त्याला चांगला दाखवू?"

"खरा दाखव. पत्रकच लिहायचं तर बाबांना सांग, ते तुझ्यापेक्षा बरं लिहितात."

राग आला, पण त्याहून जास्त संशय आला. बाईंचे यजमान सरकारी कारकून म्हणूनच निवृत्त झाले होते. मावशीच्या कचेरीत ते कधी नव्हते, पण जात कारकुनाचीच. घरी येऊन मी बाईंची प्रत्येक सूचना वहीत उतरवली आणि पुढे तिची बाजू लिहिली. जवळजवळ सगळीकडे 'कारकुनाची' असंच आलं. बाबांनी वही पाहिली. "नोकरदार माणसं," ते म्हणाले. "घरचं झाकणारच."

पुढच्या रविवारी भांडायच्या तयारीने गेले, तर बाई बाजारात. काकांनी, म्हणजे त्यांच्या यजमानांनी, दार उघडलं.

"ये बेटा, पंख्याखाली बस."

पाणी दिलं, चिकू कापून दिले. मी मुद्दाम मावशीच्या दाव्याचं काढलं. ते खरंच हळहळले.

"मावशींना म्हणावं, काळजी नको. एखादा कागद कमी असेल. साहेब दौऱ्यावर असतात ना. सोमवारी या म्हणावं."

मावशी कचेरीतून येऊन जे सांगायची, ते शब्द हेच. आणि तिचा त्या कारकुनावर राग नव्हता. "माणूस भला हाय, नावानं हाक मारतो," असं म्हणायची. ते मी कथेत घेतलंच नव्हतं, कारण त्या वाक्याची बाजू कळत नव्हती.

मी बाईंची वाट न पाहता निघाले. कारकुनाचं ओरडणं सगळं काढलं. आता तो मावशीला खुर्ची देतो, पाणी विचारतो, सोमवारी बोलावतो. काकांची वाक्यं जशीच्या तशी घातली. लिहिताना पहिल्यांदा मला त्या माणसाची भीती वाटली. संशय मात्र गेला नव्हता. बाईंनी ही पानं काढायला सांगितली, तर तो खरा, असं ठरवून कथा घेऊन गेले.

बाई वाचत होत्या. आतून काकांचा आवाज आला, "मुलीला चहा विचारलास का?"

त्या एका पानावर थांबल्या, मागे गेल्या, पुन्हा त्याच पानावर आल्या. मी त्यांच्या हातातल्या पेन्सिलीकडे बघत होते. मग त्यांनी समासात एकच ओळ लिहिली आणि पान माझ्याकडे वळवलं. 'नाही म्हणायच्या आधी तो चष्मा काढून पुसतो.'

"हे घाल," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "आणि पाठवून दे. अंक निघाला की घरी नको आणूस. शाळेत दे."

चहा काकांनीच आणला; त्यांच्या चष्म्यावर वाफ धरली होती. बाईंनी पान परत घेतलं आणि मांडीवर उपडं ठेवलं.