पुडीतलं औषध

धुळ्याच्या कॉलेजात औषधशास्त्र शिकवायला लागले तेव्हा मी सत्तावीस वर्षांची होते. सकाळी मुलांची प्रात्यक्षिकं घ्यायची आणि दुपारी माझं संशोधन. संशोधन म्हणजे पांढऱ्या उंदराच्या कानांना बारीक चिमटे लावून क्षणभर विजेचा झटका द्यायचा. त्याला फेफरं आल्यासारखे आचके येतात, मागचे पाय ताठ होतात. आधी औषध पाजलेलं असेल आणि पाय ताठ झाले नाहीत, तर त्या औषधात काहीतरी आहे असं समजायचं. माझे मार्गदर्शक जळगावला होते. महिन्यातून एकदा एसटीनं वह्या घेऊन त्यांच्याकडे जायची. एरवी या विषयावर एक वाक्य बोलावं असं माणूस आसपास नव्हतं.

उंदरांची खोली कॉलेजच्या मागच्या बाजूला होती, वर पत्रा. उन्हाळ्यात खिडक्यांना ओली गोणपाटं लावायची, नाहीतर उंदीर आपोआपच मरत. उंदरांचा वास कपड्यांत मुरायचा. स्टाफरूममध्ये कुणी काही म्हणत नसे, फक्त माझ्या शेजारची खुर्ची रिकामी राहायची. मी ज्यांच्याकडे भाड्यानं राहत होते ते कुटुंब जैन, कापडाचं दुकान असलेलं. घरमालकीण पहिले दोन-तीन महिने रोज चहाला हाक मारायची. एकदा तिनं विचारलं, "ताई, तुम्ही तिथे उंदीर मारता का?"

मी हो म्हणाले. त्यानंतरही ती माझ्याशी नीटच वागली, पण चहाची हाक बंद झाली.

संशोधनासाठी मला एखादं झाड हवं होतं. वर्गातल्या एका मुलीनं सांगितलं, की सोनगीरच्या पुढे एका खेड्यात एक म्हातारे फेफऱ्यावर मुळीची पुडी देतात, लांबून लोक येतात. मी गेले. गावात सगळे त्यांना आबा म्हणत, मीही म्हणू लागले. आबांनी काही लपवलं नाही. डोंगरावर नेऊन झुडूप दाखवलं, मुळी उपटून हातात दिली आणि घरची तयार पूडही डबाभर दिली. त्यांची तिशीची मुलगी त्यांच्याकडेच राहत होती. तिला लहानपणापासून झटके यायचे, म्हणून सासरच्यांनी परत पाठवलेली. पुडीनं आता ती बरी होती, असं गाव सांगत होतं.

आबांच्या पुडीचा अर्क उंदरांना दिला. एकाचेही पाय ताठ झाले नाहीत. मी त्या दुपारी पिंजऱ्यांसमोर एकटीच हसत उभी राहिले. मग झटका देणारं यंत्र बिघडलं की काय म्हणून तपासलं. यंत्र ठीक होतं. जळगावला सरांनी वही दोनदा उलटून पाहिली आणि म्हणाले, "हे खरं असेल तर तुझं आयुष्य बदलेल."

पुढची दोन वर्षं मी त्या वाक्यावर काढली.

अडचण अशी होती, की डोंगरावरून मी स्वतः आणलेली मुळी काहीच करत नव्हती. आबांच्या डब्यातली पूड काम करायची, माझी नाही. मी पावसाळ्यातली मुळी आणली, हिवाळ्यातली आणली, सावलीत वाळवली, उन्हात वाळवली. झाड ओळखणाऱ्या तज्ज्ञांकडे फांदी पाठवली, झाड तेच निघालं. सर म्हणाले, "तुझ्या हातात काहीतरी चुकतंय." मलाही तसंच वाटायला लागलं. सुट्टीत जामनेरला घरी जाणंही कमी केलं. आईनं विचारलं असतं काय चाललंय, आणि मला सांगता आलं नसतं.

शेवटी एक दिवस मी सिलिका लावलेल्या काचपट्टीवर दोन्ही अर्कांचे थेंब ठेवले. या पट्टीवर अर्कातले घटक वेगवेगळ्या उंचीवर चढतात आणि विशिष्ट दिव्याखाली ठिपके होऊन दिसतात. आबांच्या पुडीत एक ठिपका होता, जो माझ्या मुळीत नव्हता. त्याची उंची मला ओळखीची वाटली. तुलनेसाठी म्हणून मी उंदरांना नेहमीचं फेफऱ्याचं औषध देत असे, फिनोबार्बिटोन. ते कपाटातच होतं. त्याचा थेंब शेजारी ठेवला. दोन्ही ठिपके एका ओळीत आले.

माझ्याकडूनच मिसळलं गेलं असेल म्हणून खल नवा आणला, आबांकडून पूड नवी मागवली. ठिपका तिथेच.

रविवारी सकाळच्या एसटीनं मी गेले. आबा ओट्यावर बसले होते. मी विचारलं, "आबा, पुडीत डॉक्टरची गोळी घालता का?"

त्यांनी मुलीला पाणी आणायला सांगितलं आणि ती आत गेल्यावर म्हणाले, "हाव, घालस."

मुलीला धुळ्याच्या डॉक्टरनं त्या गोळ्या दिल्या होत्या. ती बरी झाली. लोकांना वाटलं आबांच्या मुळीचा गुण. लोक दारात रांग लावू लागले. आबांनी त्यांना डॉक्टरकडे जा म्हणून सांगितलं, कुणी गेलं नाही. तेव्हा तीच गोळी धुळ्याहून आणून ते मुळीच्या पुडीत कुटून घालू लागले.

"डाक्टरनी गोयी लिधी तर पोर आजारी शे, अशी लोके म्हनतस," आबा म्हणाले. "लगीन व्हत नही. मन्ही पुडी खाधी तर तिले कोनी काही म्हनत नही. मंग मी काय करू, ताई?"

मी रागावून गेले होते. दोन वर्षं गेली होती माझी. पण त्यांनी मला फसवलं असं मला म्हणता येईना. झाड विचारलं तेव्हा त्यांनी झाड दाखवलं होतं. मी एवढंच विचारलं, "लहान मुलाला किती देता?"

"चिमूटभर."

चिमूट कुणाची, किती, ते त्यांनाही सांगता येत नव्हतं. मी समजावलं: जास्त झालं तर मूल झोपेतून उठणार नाही, आणि एकदम बंद केलं तर झटके थांबणारच नाहीत. आबांचा चेहरा उतरला. सगळ्या पेशंटांची नावं त्यांनी मला तोंडपाठ सांगितली, मी लिहून घेतली. धुळ्याच्या एका डॉक्टरांनी दर मंगळवारी त्यांना तपासायचं कबूल केलं. त्या उन्हाळ्यात मी आणि आबा एकेकाला घेऊन एसटीनं जात होतो. आबा प्रत्येकाला सांगत, "मन्हीच पुडी शे, डाक्टरनी गोयी बनाई."

बरेचजण आले. काही आलेच नाहीत.

आलेल्यांत एक नवी सून होती, एकोणीस-वीस वर्षांची. माहेरचे तिला आबांची पुडी पोटाचं औषध आहे असं सासरी सांगून पाठवत. मीच तिला गोळ्यांवर आणलं, वेळा लिहून दिल्या, माझ्या अक्षरात. दोन महिन्यांनी ती कॉलेजात आली. उंदरांच्या खोलीच्या दारात उभी राहिली, आत आली नाही. सासूला ट्रंकेत गोळ्यांची पाकिटं आणि तो कागद सापडला होता. तिला माहेरी पाठवून दिलं होतं.

"गोळ्या सोडल्या नाहीस ना?" मी विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "ताई, पण पुडी बरी होती."

मी तिला पाणी दिलं. ती थोडा वेळ बाहेर खिडकीच्या ओल्या गोणपाटाखाली बसली आणि बसची वेळ झाली म्हणून निघून गेली. तिचा पत्ता माझ्या वहीत होता. मी तिच्या गावी कधी गेले नाही. जायला हवं होतं.

ठिपक्याचं ऐकून सर म्हणाले, "विषय बदल. मुळीत गुण नाही, हे कुणी छापत नाही." मी दुसरं झाड घेतलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली. आणखी चार वर्षं लागली. त्या झाडात थोडासा गुण निघाला, पदवी मिळण्यापुरता. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, एवढी वर्षं का लागली. मी म्हणाले, पहिलं काम जमलं नाही. त्यांनी मान हलवून सही केली.

जळगावहून परत आले तेव्हा दुपार होती. पदवी मिळाल्याचं कुणाला सांगायचं, हे मला स्टँडवर उभं राहून ठरवावं लागलं. खोलीवर न जाता मी सोनगीरकडची बस धरली. आबा जाऊन वर्ष झालं होतं. त्यांच्या मुलीनं मला ओळखलं आणि काही न विचारता चहा टाकला. मी तिला सगळं सांगितलं: ठिपका, वाया गेलेली दोन वर्षं, परत पाठवलेली ती सून. आजवर सबंध गोष्ट मी कुणालाच सांगितली नव्हती.

ऐकून झाल्यावर ती म्हणाली, "मी आजून रोज गोयी लेस. झटका येत नही." आणि कपात आणखी थोडा चहा ओतला.

धुळ्याला परतायची पाच वाजताची बस मी सोडून दिली.