इंजिनं मंद करून घेतलेली चाचणी

लालबागच्या आमच्या चाळीत माझं काम कुणालाच धड समजलेलं नाही. 'समुद्रात तेल काढतो' एवढंच. मी तेल काढत नाही. समुद्राच्या तळाशी, तेलविहिरीच्या तोंडावर झडपांचा एक मनोरा असतो. खालून वायू उसळला तर हा मनोरा विहिरीचं तोंड बंद करतो. त्याला हुकूम जहाजावरून केबलमधून जातो. केबलच तुटली, तर वरून पाण्यात आवाजाचे इशारे सोडून झडपा मिटवायच्या. ती बिनतारी यंत्रणा माझ्याकडे.

तिची चाचणी घ्यायची आमच्या जहाजावर एक रीत होती. आधी आजूबाजूच्या बोटींना लांब पिटाळायचं, आमची इंजिनं होतील तेवढी मंद करायची आणि मग इशारा सोडायचा. तळातून पहिल्या फटक्यात उत्तर यायचं, रिपोर्ट स्वच्छ. सगळेच असं करायचे, म्हणून मीही.

आवाजाचं यंत्र दोरीने पाण्यात सोडायला माझगावचे एक कोळी काका होते, कंत्राटावर. एकदा बाहेरचे तपासनीस आलेले. त्यांच्यासमोरच काका म्हणाले, "सायेब, खरी वेल येल तवा इंजिनं अशी गप आसतील का? त्या गोंगाटात खाली ऐकू जाल का?"

मला मिरच्या झोंबल्या. "काका, तुम्ही दोरी धरा. शहाणपण नको." तपासनिसांना मी हसत सांगितलं, काकांना यातलं काय कळतंय! खरं तर त्यांना कळत होतं आणि मलाही. पुढे काकांचं कंत्राट वाढलं नाही. माझ्या एका शब्दाने वाढलं असतं. तो शब्द मी टाकला नाही, याची आजही लाज वाटते.

गेल्या रविवारी भाऊच्या धक्क्यावर ते दिसले, कोळंबी निवडत बसलेले. वाटलं, तोंड फिरवतील. पण त्यांनी हाक मारून बसायला फळी पुढे सरकवली. जावई आमच्याच जहाजावर लागलाय म्हणाले, महिना झाला. मग हातातलं काम थांबवून हळूच विचारलं, "आता इंजिनं चालू ठेवून तपासता ना, सायेब?"

रीत तीच आहे. रिपोर्टवर सही माझीच आहे.

"हो," मी म्हणालो.

"मंग बरं," ते म्हणाले. "पोरीला सांगतो. रोज इचारते."